क्यूआर कुणाच्या नावावर आहे?

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत हल्ली भाव विचारायच्या आधीच "मावशी, स्कॅनर आहे का?" असं विचारतात. असतोच. मेथीच्या पेंढ्यांशेजारी विटेला टेकवलेला, नाहीतर छत्रीच्या दांडीला सुतळीने बांधलेला. गिऱ्हाईक फोन धरतं, "गेले बघा" म्हणतं आणि पुढच्या पाटीकडे वळतं. मावशी मान हलवतात, पण पैसे आले की नाहीत हे कळायला त्यांच्याकडे मार्ग नसतो. आले असतील तर मुलाच्या फोनवर, आणि मुलगा त्या वेळी शिरोलीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो.

रोख बरी, कार्ड बरं की फोन बरा, यावर आपल्याकडे जे काही बोललं-लिहिलं जातं ते बहुतेक सगळं देणाऱ्याच्या बाजूने. कॅशबॅक कुठे मिळतो, कुठल्या कार्डावर किती पॉइंट पडतात, सुट्ट्यांची कटकट कशी वाचते. पलीकडे बसलेल्या माणसाची संध्याकाळ आपण पैसे कसे दिले यावर ठरते, हे कुणी बोलत नाही. माझं मत असं की रोजच्या किरकोळ खरेदीत पैसे कशाने द्यायचे हे घेणाऱ्याने ठरवावं, मोठ्या खरेदीत देणाऱ्याने. आणि नोट पुढे करणाऱ्याला "कॅश घेत नाही" असं सांगायची मुभा निदान गरजेच्या ठिकाणी तरी कुणालाही नसावी.

मंडईतल्या बाईचा दिवस बघा. पहाटे शाहू मार्केट यार्डात सौदा निघतो. तिथे अडत्याला पैसे द्यायचे, नाहीतर त्याच्या वहीत नाव चढतं. मग टेम्पोवाल्याचं भाडं, हमालाची मजुरी, बसायच्या जागेची पावती, दोन वेळचा चहा. संध्याकाळी घरी जाताना तेलाची पिशवी आणि नातवाला बिस्किटाचा पुडा. तिचा जवळजवळ सगळा खर्च रोखीचा आणि त्याच दिवशीचा. पूर्वी दिवसभराची कमाई कनवटीला असायची. आता त्यातली निम्मी दुसऱ्याच्या खात्यात असते. "आई, किती पाहिजेत सांग, देतो की," मुलगा म्हणतो, आणि देतोही. तो वाईट नाही. पण स्वतः मिळवलेल्या पैशांसाठी मागावं लागणं ही नवी गोष्ट आहे. गॅसचा हप्ता मुलाने त्यातूनच भरून टाकला, मोबाइलचं रिचार्ज त्यातूनच मारलं, हे तिला महिनाअखेरीला कळतं. हिशोब चुकलेला नसतो. फक्त तो तिच्या हातातून गेलेला असतो.

म्हणून रोखच चांगली, असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच मंडईत अशाही बायका आहेत की ज्यांच्या पिशवीतले पैसे रात्री नवरा काढून घेतो आणि गुत्त्यावर घालवतो. अशा घरात रोकड हा धोका आहे. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जात असतील आणि पिन फक्त तिला ठाऊक असेल, तर फोनने तिच्यावर उपकारच केले. म्हणजे नोट की फोन यापेक्षा खातं कुणाच्या नावावर आणि पिन कुणाच्या डोक्यात, हा प्रश्न मोठा.

खातं नसतं असं नाही. २०१४ च्या जनधन योजनेत कितीतरी जणींची खाती निघाली. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले, तेव्हा उरलेल्यांनीही बँकेत रांगा लावल्या. खातं बाईच्या नावावर आहे, त्यात पैसे येतात, आणि तरी पाटीवरचा क्यूआर मुलाचा किंवा पुतण्याचा. याचं कारण साधं आहे. यूपीआय चालतं ते बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरावर, आणि ते सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं. खातं उघडताना फॉर्मवर नंबर लिहायची वेळ आली तेव्हा मुलाने स्वतःचा लिहिला, कारण बँकेचे मेसेज त्यालाच वाचता येणार होते. तिथेच चावी त्याच्याकडे गेली. कुणी हिसकावली नाही, फॉर्म भरताना गेली.

बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आणली, तिचं नाव यूपीआय १२३पे. मंडईत ती वापरताना मला तरी अजून कुणी दिसलेलं नाही. त्यापेक्षा "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं ओरडणारा साउंडबॉक्स अक्षरओळख नसलेल्या बाईला खरा कामाचा. पण त्याला महिन्याला भाडं पडतं आणि कोथिंबीर विकणाऱ्या बाईला ते परवडत नाही. खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारी पोरं नेमकी अशाच पाट्यांवर हात मारतात. साउंडबॉक्स असलेल्या किराणा दुकानात त्यांची डाळ शिजत नाही.

आता फोनची बाजू. ती भक्कम आहे, आणि मी स्वतः दिवसातून अनेकदा फोनच काढतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार त्यावरून झाले. एवढं पसरलेलं काही नुसत्या जाहिरातीने पसरत नाही. "सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या" ही दुकानदारांची जुनी दंडेली त्याने मोडली. केएमटी म्हणजे आमची शहर बस आणि एसटी यांतली सुट्ट्यांची वाजावाजी अजून संपलेली नाही, पण एसटीच्या तिकीट मशीनवर क्यूआर आल्यापासून वाहकाचा आवाज जरा खाली आला आहे. वडापाववाल्याला एका हाताने पाव कापताना दुसऱ्या हाताने मळक्या नोटा मोजाव्या लागत नाहीत, हेही गिऱ्हाइकाच्या पोटाच्या दृष्टीने बरंच. शिवाय ज्याची कमाई कुठे लिहिलेलीच नव्हती त्याच्या हाती आता खात्याचा उतारा असतो. २०२० मध्ये केंद्राने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना काढली. तिचं पहिलं कर्ज तेव्हा दहा हजारांचं होतं, आणि डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅक. खाजगी सावकाराकडे दिवसाला व्याज भरणाऱ्या माणसाला दहा हजार म्हणजे काय, हे कागदावर मोजून कळायचं नाही.

पण ही सोय फुकट आहे असं जे आपल्या डोक्यात बसलं आहे ते खरं नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा सरकारचा नियम आहे. बँकांचा खर्च मात्र थांबत नाही. तो अंशतः सरकारी तिजोरीतून भागवला जातो. २०२४-२५ या वर्षासाठी दोन हजार रुपयांपर्यंतच्या, छोट्या दुकानदारांकडच्या व्यवहारांना प्रोत्साहन म्हणून पंधराशे कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे जो माणूस आयुष्यात कधी स्कॅन करणार नाही, तोही साबणावरच्या करातून आपल्या स्कॅनचे पैसे देतो. शिवाय हे सगळं ज्या ॲपांवर चालतं त्यातल्या दोनच कंपन्यांच्या हातात देशातले ऐंशी टक्क्यांहून जास्त व्यवहार आहेत. एका कंपनीचा वाटा तीस टक्क्यांवर नसावा असा नियम कधीच ठरला, पण त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली आहे. उद्या शुल्क लागलंच, तर मॉलवाला ते किमतीत बसवून टाकेल. दहा रुपयांची पेंढी विकणारी बाई कुठे बसवणार?

कराची भीती हा आणखी एक गुंता. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरात "नो यूपीआय, ओन्ली कॅश" अशा पाट्या लागल्या. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिकडची बातमी आपल्या लक्ष्मीपुरीत पोहोचायला वेळ लागत नाही. दुकानदारांना माझं सांगणं असं की वर्षाला चाळीस लाखांवर मालाची विक्री असेल तर नोंदणी करा, त्यात अन्याय काही नाही. ताजी भाजी आणि दूध यांवर तर जीएसटीच नाही, तेव्हा मंडईत घाबरायचं कारणही नाही. पण दुकानदार जेव्हा विचारतो की "आमची पाच-पाच रुपयांची नोंद सरकारला दिसते, मग प्लॉटच्या व्यवहारातले वरचे पैसे कसे दिसत नाहीत?" तेव्हा त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही असा कायदा १ एप्रिल २०१७ पासून आहे. जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा तो किती पाळला जातो. रोखीला काळा पैसा म्हणून हिणवायचं आणि त्याचा भार चहाच्या टपरीवर टाकायचा, हा न्याय नव्हे.

उरलं कार्ड. रोजच्या खरेदीतून ते जवळजवळ बाहेर पडलंय आणि मला त्याचं फार दुःख नाही. दोन नारळ आणि पावशेर खोबऱ्यासाठी कार्ड काढणाऱ्याकडे लोक बघतात ते उगाच नाही. पण गुजरीत दागिना घ्यायचा असेल, राजारामपुरीत फ्रिज किंवा फोन घ्यायचा असेल, तर मी कार्डाच्या बाजूचा आहे. यूपीआयवरून गेलेले पैसे म्हणजे गेलेले पैसे. माल खराब निघाला, दुकानदार उलटला, तर तुम्ही आणि तो. कार्डावर निदान बँकेकडे तक्रार लावून रक्कम वादात टाकता येते. दुकानदाराला मात्र क्रेडिट कार्डावर दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. म्हणून "कार्डाने देणार असाल तर दोन टक्के वर पडतील" हे वाक्य ऐकू येतं. भाव पक्का होण्याआधीच कार्डाचं सांगून टाकावं, म्हणजे नंतर तोंड वाकडं करावं लागत नाही. कार्ड म्हणजे सुरक्षितच असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा बनावट कार्डांनी पैसे काढलेल्या एटीएममध्ये कोल्हापूरचीही होती. टॅप करून चालणाऱ्या कार्डावर पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड पाकिटासकट हरवलं तर ते आधी बंद करा, रडणं नंतर.

फसवणुकीबद्दल एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर तोशीस नाही. पण पिन स्वतःच्या बोटाने दाबला असेल तर हे संरक्षण ढिलं पडतं, आणि फोनवरची बहुतेक फसवणूक याच प्रकारची. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर जितका लवकर लावाल तितकी पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. रोखीत पाकीट मारलं गेलं तर पाकिटात होतं तेवढंच जातं. फोनमध्ये अख्खं खातं उघडं पडू शकतं. यावर माझा उपाय जुना आहे. बचतीचं खातं वेगळं, स्कॅन करायचं खातं वेगळं, आणि दुसऱ्यात आठवड्याच्या बाजारापुरतेच पैसे.

कोल्हापूरकराला रोखीबद्दल कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये याचं आणखी एक कारण म्हणजे पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग पाण्याखाली गेला, शहराच्या कितीतरी भागांत वीज गेली, पेट्रोल पंपांवर बोर्ड लागले. ज्याच्या घरी पाचशे-हजार सुट्टे होते त्याला मेणबत्ती, दूध, बिस्किटं मिळाली. फोनवाल्याला आधी चार्जिंगची जागा शोधावी लागली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २०१९ ला पूरग्रस्तांना मदत खात्यावर की हातात, यावरून वाद झाला आणि पाच हजार रुपये रोख द्यायचं ठरलं. ज्याच्या घरात पाणी शिरलंय, पासबुक वाहून गेलंय आणि बँकेच्या शटरलाच पाणी लागलंय, त्याला खात्यावर मदत देऊन उपयोग काय, हे शेवटी सरकारलाही पटलं.

आणि पूरच कशाला हवा? १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय तासन्‌तास अडखळलं. त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असताना नारळ-गुलालवाल्यापुढे उभं राहून फोनवर गोल फिरणारं चक्र बघणाऱ्या भाविकाला काय वाटलं असेल! यात्रेच्या गर्दीत नेटवर्क तसंही रेंगाळतं. त्यामुळे डोंगरावरचे अनुभवी विक्रेते सरळ सांगतात, "दादा, रोख द्या." व्यवहार अडकला आणि पैसे कापले गेले तर दुकानातल्या व्यवहारात बँकेने ते पाच दिवसांत आपोआप परत करायचे, नाही केले तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण नारळवाल्याला त्याचे पैसे आजच हवेत, आणि भाविक आज रात्रीच्या एसटीने गावाला जाणार आहे.

या तिन्हींशिवाय एक चौथी पद्धत आपल्याकडे आहे, तिचं नाव कुठल्याच तक्त्यात नसतं. उधारी. करवीर, पन्हाळा, कागलच्या गावांत किराणा दुकानाची वही दुधाच्या बिलावर चालते. डेअरीत दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्या दिवशी दुकानात गर्दी. उसाचं बिल आलं की मोठी वही मिटते. हे बिनव्याजी क्रेडिट कार्डच म्हणा, फक्त मर्यादा दुकानदाराच्या नजरेत असते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत याच वहीने गावं तारली. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के एका रात्रीत बाद झाली, आणि आठवड्याच्या आत जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली. गावातल्या माणसाची बँक तीच. तेव्हा सगळा देश कॅशलेस व्हायला शिकतोय असं दिल्लीत म्हणत होते, इकडे मात्र दुकानदार "लिहून ठेवतो, राहू दे" म्हणत होता. चलनातल्या नोटा पुढे कमी झाल्या का? नोटाबंदीच्या वेळी सुमारे अठरा लाख कोटींच्या होत्या, २०२४ पर्यंत पस्तीस लाख कोटींच्या वर गेल्या. यूपीआय वाढलं आणि रोखही वाढली. लोकांनी दोन्ही ठेवलं.

क्यूआरच्या नावाचं म्हणाल तर ते सुटण्यासारखं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना प्रमाणपत्र देणं हे महापालिकेचं काम आहे. ते देताना त्याच टेबलाशेजारी बँकेचा माणूस बसवावा, विक्रेतीच्या स्वतःच्या नावाचा क्यूआर आणि बिनभाड्याचा साउंडबॉक्स तिथेच हातात द्यावा. त्या पंधराशे कोटींतला थोडा वाटा ॲपवाल्यांपेक्षा इकडे वळला तर मला तो कर भरल्याचं समाधान मिळेल. तोवर गिऱ्हाइकाने एवढं करावं. पन्नास-शंभराची भाजी घेताना स्कॅनर शोधण्याआधी "कसे देऊ?" म्हणून विचारावं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देणाऱ्या माणसालाही तेच विचारावं. त्याच्या ओल्या हाताला नोट नको असेल तर तो म्हणेल, "स्कॅन करा."

रोख घ्यायची सक्ती मात्र कायद्याने हवी, निदान दवाखाना, औषधाचं दुकान, बस, शाळा आणि सरकारी खिडकी या ठिकाणी. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६ व्या कलमाने नोट हे वैध चलन आहे, आणि "फक्त ऑनलाइन" अशी पाटी सरकारी कचेरीतच लागत असेल तर नोटेवरच्या त्या वचनाला अर्थ काय? रोख जगवायची तर सुट्टे बाजारात यायला हवेत. एटीएममधून नुसत्या पाचशेच्याच नोटा पडतात ही तक्रार रिझर्व्ह बँकेला पोहोचली. मार्च २०२६ पर्यंत नव्वद टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत, असं तिने एप्रिल २०२५ मध्येच बँकांना बजावलं. शंभराचं बघितलं, दहा-वीसचं कोण बघणार? दहाचं नाणं कुणी घेत नाही आणि दहाची नोट चिकटपट्टी लावूनच मिळते. त्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं, पण रिक्षावाल्यापर्यंत ते पोहोचलेलं दिसत नाही. मंडईजवळच्या बँकांच्या शाखांनी रोज सकाळी दहा-वीसच्या नोटांची बंडलं आणि नाण्यांच्या पिशव्या खिडकीवर ठेवाव्यात, आणि मागणाऱ्या विक्रेतीला खातं याच शाखेत आहे का असं विचारू नये.